महापरिनिर्वाण : एका दगडी पट्टातली माणसं
(मंडळाच्या निधिसंकलनाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हा दोघांना "वीस मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा" असं सांगितलं. आम्ही विषय कळवला तेव्हा फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग विचारणा झाली, "जेवणाच्या आधी बोलणार आहात ना?" काळजी रास्त होती. बाहेर बटाटेवड्यांचा वास सुटलेला असताना मृत्यूवर कोण ऐकणार! पण यंदाचा निधी आपण कशासाठी जमवतोय ते आठवा. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत, ज्यांचा आजार बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय, अशा माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. तेव्हा एका म्हाताऱ्या माणसाच्या शेवटच्या आजारपणाची आणि त्याच्या उशापायथ्याशी जमलेल्या लोकांची गोष्ट आज सांगितली तर ती अस्थानी होणार नाही, असं आम्हाला वाटलं. गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची आणि ती सांगणारा दगड अठराशे वर्षांपूर्वीचा. दगड मात्र आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

वॉशिंग्टनला नॅशनल मॉलवर फ्रीअर गॅलरी आहे. मुलांना घेऊन आपण सगळे विमानांच्या म्युझियममध्ये जातो, डायनोसॉर बघतो, आणि पाय दुखायला लागले की परत फिरतो. फ्रीअर राहून जातं. तिथल्या संग्रहात १९४९ पासून गांधार देशातल्या चार शिल्पपट्टांचा एक संच आहे. बुद्धाचा जन्म, बोधी, पहिलं प्रवचन आणि महापरिनिर्वाण असे चार प्रसंग. चारही मिळून लांबी जवळजवळ तीन मीटर, उंची पाऊण मीटरला थोडी कमी. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचं काम, म्हणजे कुषाणांचा काळ. गांधार म्हणजे आजच्या पाकिस्तानातला पेशावर, स्वात, तक्षशिला हा टापू आणि त्याला लागून असलेला अफगाणिस्तानचा भाग. असे पट्ट स्तूपाच्या बैठकीभोवती बसवलेले असत. प्रदक्षिणा घालणारा माणूस स्तूप उजव्या हाताला ठेवून चालायचा आणि एकेक प्रसंग त्याच्यासमोरून सरकायचा. पुस्तक आपण हातात धरून पानं उलटतो, तिथे पुस्तक जागेवर आणि वाचणारा फिरता.

यातल्या चौथ्या प्रसंगाचे पट्ट जगभर विखुरलेत. लंडनला आहेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे, कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये लोरियान तंगाईहून आलेला एक सुंदर पट्ट आहे. आम्ही जमतील तेवढे प्रत्यक्ष पाहिले, बाकीचे पुस्तकांतून. सगळ्या पट्टांत सगळीच पात्रं नसतात, पण मांडणी बहुतेक ठरलेली. मधोमध पलंग, कातीव पायांचा. वर गादी, उशी. बुद्ध उजव्या कुशीवर निजलेला, उजवा हात गालाखाली, त्यामुळे डोकं आपल्या डाव्या हाताला येतं. दोन बाजूंना शालवृक्ष. आणि मग गर्दी. पलंगाच्या मागे, पुढे, खाली, जिथे जागा मिळेल तिथे माणसं. मुंबईच्या चाळीत कुणी गेलं की खोलीत जशी माणसं दाटतात ना, तशी.

दगड शिस्ट नावाचा, करडा, थराथरांचा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापेक्षा पुष्कळ मऊ, त्यामुळे बोटांची पेरं आणि पागोट्याच्या घड्या असलं बारीक काम त्यात साधतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्याआधीच्या कलाकारांनी हा देह दाखवलाच नव्हता. सांचीला जाऊन आलेल्यांना आठवत असेल, तिथल्या तोरणांवर बुद्धाचं माणसाच्या रूपातलं चित्र नाही. बोधी दाखवायची तर झाड, प्रवचन दाखवायचं तर चक्र, आणि परिनिर्वाण दाखवायचं तर स्तूप. मेला म्हणायचं नाही, स्तूप काढायचा. आपणही "गेले" म्हणतो, "देवाज्ञा झाली" म्हणतो, तसंच काहीसं. गांधारच्या कारागिरांनी मात्र सरळ पलंग मांडला. ते ज्या मुलखात राहत होते तिथे ग्रीक आणि रोमन वस्तूंची ये-जा होती. त्या लोकांच्या शवपेट्यांवर पलंगावर पहुडलेला मृत आणि भोवती रडणारे नातेवाईक कोरायची जुनी रीत. ती त्यांनी उचलली असावी, असं अभ्यासक म्हणतात. उसनं आणलं, पण वापरलं आपल्या कामासाठी.

एक गंमत बघा. झोपलेल्या बुद्धाचं चीवर पुष्कळ पट्टांत उभ्या माणसाच्या कपड्यासारखं पडलेलं असतं. चुण्या गादीकडे न लोंबता पायाकडे जातात. उभी मूर्ती कोरायची सवय असलेल्या हातांनी तीच आडवी केली की काय, असं वाटतं. काहीजण याला कारागिराची चूक म्हणतात. आम्हाला ती चूक वाटत नाही. भोवतीची सगळी माणसं कोसळताहेत, वाकताहेत आणि निजलेला माणूस तेवढा ताठ. हे डोळ्यांना बरोबर लागतं.

गोष्ट पालीमधल्या महापरिनिब्बानसुत्तात आहे. मराठी माणसाला ती वाचायची असेल तर धर्मानंद कोसंबींकडे जावं. गोव्यात जन्मलेला हा माणूस पाली शिकण्यासाठी श्रीलंकेपर्यंत गेला आणि पुढे १९१० साली इथे हार्वर्डला येऊन पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम करून गेला. आपल्याआधी इथे कोण कोण येऊन गेलंय याची यादी करताना आपण त्यांना विसरतो.

तर, बुद्धाचं वय ऐंशी. वैशालीजवळच्या बेलुव गावी पावसाळ्यात मोठं आजारपण झालेलं. आपल्या शरीराला तो जुन्या, वाद्या बांधून कशीबशी चालवलेल्या गाडीची उपमा देतो. तरी चालणं सुरूच. पावा गावी चुंद नावाच्या लोहाराने जेवायला बोलावलं. त्या जेवणात नेमकं काय होतं, डुकराचं मांस की आळंबी, यावर आजवर इतका वाद झालाय की तो इथे काढला तर खरंच जेवायला उशीर होईल. जेवणानंतर पोटात कळा, रक्ताचा अतिसार. तसाच उठून तो कुशिनारेकडे निघाला, वाटेत थांबत, पाणी मागत.

आणि मग मधेच त्याला चुंदाची आठवण होते. तो आनंदाला सांगतो की, लोक त्या चुंदाला बोल लावतील, तुझं जेवून ते गेले म्हणतील, त्याच्या मनाला टोचणी लागेल. तेव्हा त्याला जाऊन सांग, की बोधी मिळण्याआधीचं जेवण आणि परिनिर्वाणाआधीचं जेवण, दोन्ही सारख्याच पुण्याची. पोटात कळा येत असताना ही काळजी. घरात आजारी माणूस गेला की मागे राहिलेल्यांत कुणीतरी चुंद असतोच. "मी त्या दिवशी दही दिलं म्हणून झालं का?" "दवाखान्यात एक दिवस आधी नेलं असतं तर?" त्या चुंदाला कुणीतरी निरोप पोचवावा लागतो. बहुतेक घरांत तो पोचत नाही, आणि तो माणूस पुढची वीस वर्षं दह्याकडे बघून गप्प होतो. दगडी पट्टांत चुंद दिसत नाही. तो पावेतच राहिला.

पट्टात कोण आहे? आनंद आहे. पंचवीस वर्षं बुद्धाची सेवा केलेला, अंथरूण घालणारा, पाणी आणणारा. शेवट जवळ आला तेव्हा तो आत जाऊन दाराला टेकून रडत उभा राहिला, असं सुत्तात आहे. अजून माझं शिकायचं राहिलंय आणि माझ्यावर माया करणारा चालला, असं म्हणत. बुद्धाने त्याला बोलावून घेतलं, समजावलं आणि सगळ्या भिक्षूंसमोर त्याच्या सेवेचं कौतुक केलं. शिल्पात आनंद बहुधा जमिनीवर कोसळलेला असतो आणि अनिरुद्ध त्याचा हात धरून उठवत असतो. सेवा करणाऱ्याला सावरायला दुसरा माणूस लागतो, हे त्या कारागिराला ठाऊक होतं. आपल्याकडे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. "सुनेनं बघितलं सगळं" एवढं म्हणून आपण मोकळे होतो.

वज्रपाणी आहे. आयुष्यभर बुद्धाच्या मागे वज्र घेऊन उभा राहिलेला रक्षक. गांधारात तो पुष्कळदा दाढीवाला, पिळदार, थेट ग्रीकांच्या हेराक्लिससारखा. इथे वज्र हातातून सुटलंय आणि तो हात वर करून आक्रोश करतोय. ज्याचं काम राखणं, त्याला राखता आलं नाही. कुशिनारेचे मल्ल आहेत, पागोटी घातलेले, डोक्यावर हात मारून घेणारे. सुत्तात उपवाण नावाचा एक भिक्षू येतो. बिचारा समोर उभा राहून वारा घालत होता, त्याला बुद्ध बाजूला व्हायला सांगतो. कारण काय, तर देवांना दर्शन घ्यायचंय आणि हा मधे उभा! आजाऱ्याच्या खोलीत अशी मधे उभी राहणारी प्रेमळ माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

आणि या सगळ्या गोंगाटात पलंगासमोर एकजण आपल्याकडे पाठ करून अगदी स्वस्थ बसलेला असतो. डोक्यावरून चीवर ओढलेलं. शेजारी तीन काठ्यांची तिवई, तिला पाण्याची पिशवी टांगलेली. तो सुभद्र. म्हातारा परिव्राजक, शेवटच्या रात्री शंका विचारायला आला. आनंदाने तीनदा सांगितलं, आता त्रास देऊ नका. ते बोलणं बुद्धाच्या कानावर गेलं आणि त्याने सुभद्राला आत सोडायला सांगितलं. तो शेवटचा शिष्य. फार तर काही तासांची ओळख. पंचवीस वर्षं बरोबर असलेला आनंद धुळीत लोळतोय आणि हा काल आलेला माणूस शांत बसलाय. सुत्तातही तसंच आहे, ज्यांची आसक्ती सुटली नव्हती ते भिक्षू हात वर करून रडले, ज्यांची सुटली होती ते गप्प राहिले. कारागिराने दोघांनाही जागा दिली. खरं सांगायचं तर छिन्नी रमलेली दिसते ती रडणाऱ्यांवरच.

आता ज्याच्यासाठी आम्ही हा विषय घेतला तो माणूस. पट्टाच्या कडेला, बहुधा बुद्धाच्या पायांकडच्या बाजूला, काठी घेतलेला एक भिक्षू दिसतो. त्याच्याशी बोलणारा एक उघडा संन्यासी, हातात फूल. भिक्षू म्हणजे महाकाश्यप, बुद्धाच्या थोरल्या शिष्यांपैकी. तो दूर होता. पाचशे भिक्षू बरोबर घेऊन पावेहून कुशिनारेकडे निघाला होता. वाटेत झाडाखाली बसले असताना समोरून एक आजीवक आला, हातात मंदारवाचं फूल. महाकाश्यपाने सहज विचारलं, आमच्या गुरूंना ओळखता का? तो म्हणाला, ओळखतो की, त्यांना जाऊन आज सात दिवस झाले, हे फूल मी तिथूनच आणलं.

मंडळी, या खोलीत असा फोन न आलेलं कुणी आहे का? पहाटे तीनला वाजणारा. तिकडे दुपार असते, त्यामुळे पलीकडचा माणूस अगदी जागा आणि आपण अर्धवट झोपेत. मग तिकीट शोधायचं, पासपोर्ट, व्हिसाचा कागद, मधल्या विमानतळावरचे पाच तास, मुंबईला उतरल्यावर एक्सप्रेसवेवरचा ट्रॅफिक. घरी पोचेपर्यंत कधी बर्फावर ठेवून थांबलेले असतात, कधी थांबणं शक्य नसतं आणि आपल्याला कळशी दिसते. काहीजण दहाव्याला पोचतात. काहींना तेही जमत नाही, रजा नसते किंवा कागदपत्रं अडकलेली असतात. आणि वर्षानुवर्षं नातेवाईक सहज म्हणून जातात, "तू नव्हतास ना तेव्हा." त्या आजीवकाच्या बोलण्यात जसा काही दुष्टपणा नव्हता, तसाच यांच्याही नसतो.

सुत्तात पुढे काय होतं? तिकडे मल्लांनी चिता रचलेली. चार प्रमुख मल्ल न्हाऊन, नवे कपडे घालून चिता पेटवायला गेले. पेटेना. महाकाश्यप येऊन पायांवर डोकं ठेवेपर्यंत ती पेटणार नाही, अशी देवांचीच इच्छा. मग तो आला, चितेला प्रदक्षिणा घातली, पाय उघडे केले, त्यांवर मस्तक ठेवलं. आणि चिता आपोआप पेटली.

यावर आमच्या दोघांत मतभेद आहे, तो तसाच सांगतो. एकाचं म्हणणं, ही उशिरा येणाऱ्यांची समजूत घालणारी गोष्ट. भिक्षू सदा फिरतीवर, गुरू गेला तेव्हा जवळ नसलेलेच जास्त, त्यांच्यासाठी ही रचली असणार. दुसऱ्याचं म्हणणं, समजूतच घालायची तर महाकाश्यपाला शेवटचा शब्द तरी ऐकायला दिला असता. त्याला काय मिळालं? पाय. चेहरा नाही, बोलणं नाही. गोष्ट त्याला तेवढंच देते आणि तेवढ्यासाठी चिता थांबवते. काही गांधार पट्टांत तर पलंगाच्या पायथ्याशीच महाकाश्यप पायांना हात लावताना कोरलाय. म्हणजे सात दिवसांनी आलेल्या माणसाला कारागिराने पहिल्या रात्रीच्या गर्दीतच उभं केलं. पट्ट एक, त्यात सात दिवस. जवळ असलेले आणि लांब असलेले एकाच चौकटीत.

आपल्या मुलखातलं महापरिनिर्वाण अजिंठ्याला, सव्वीस नंबरच्या लेण्यात. आत शिरल्यावर डाव्या हाताच्या पडवीत सुमारे सात मीटर लांबीचा बुद्ध निजलाय. पाचव्या शतकाच्या अखेरीचं हे काम. खाली शोक करणाऱ्यांची रांग, वर आनंदाने वाजतगाजत येणारे देव. गांधारचा पट्ट हातभर अंतरावरून वाचायचा, इथे आपण त्या देहाच्या बाजूने चालत जातो. इथली शांतता वेगळी. आम्हाला विचाराल तर रडायला गांधार बरा, गप्प बसायला अजिंठा.

त्या लेण्यात एक शिलालेख आहे. बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने हे लेणं करवलं, अश्मक देशाचा मंत्री भव्विराज याच्या सन्मानार्थ आणि स्वतःच्या आईवडिलांसाठी. माणसाची आठवण जगात असेपर्यंत तो स्वर्गात सुखाने राहतो, म्हणून डोंगरात चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असं स्मारक करावं, अशा अर्थाचं त्यात लिहिलंय. घर सोडलेला भिक्षू, पण आईवडिलांचं नाव घातलंच! कार्ल्याच्या चैत्यगृहात जा, तिथल्या खांबांवर देणगीदारांची नावं आहेत आणि त्यांतले कितीतरी धेनुकाकटचे यवन. म्हणजे परक्या मुळाच्या माणसांनीही आपल्या डोंगरात खांबाखांबाने पैसे दिले. या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी असेल, तिची परंपरा अशी दोन हजार वर्षांची आहे. नाव चुकीचं छापलं गेलं म्हणून कुणी संपादकांवर रागावू नये, दगडातल्या नावांचे टवके उडालेत.

महापरिनिर्वाण हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो मात्र अजिंठ्यामुळे नाही. तो ऐकला ६ डिसेंबरमुळे. १९५६ साली बाबासाहेब गेले, दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि तेव्हापासून दर वर्षी चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. गाडीत उभ्याने येतात, रांगेत तासन्‌तास थांबतात. दादरला वाढलेल्या लोकांना "त्या दिवशी घराबाहेर पडू नका" एवढंच शिकवलं गेलं, हेही इथे बोलून टाकलेलं बरं. त्या रांगेतल्या बहुतेकांचा जन्मच १९५६ नंतरचा. उशिरा येणं म्हणजे काय, ते त्यांना विचारावं.

शेवटी निधीबद्दल. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्षूला अतिसार झालेला, तो आपल्याच घाणीत पडलेला, कुणी बघेना. कारण विचारल्यावर कळलं की तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. मग बाकीच्यांना बोलावून सांगितलं की, तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना बघायचं. माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा.

आपण ज्यांना पैसे पाठवणार आहोत त्यांचं काम एवढंच आहे. धुणं, कुशीवर वळवणं, पाठीला जखमा होऊ न देणं, वेदना कमी करणं, आणि घरच्यांशी बोलणं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली वांद्र्याला सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळणं अवघड झालं होतं. २०१४ साली त्यात दुरुस्ती झाली. पण कागदावरची दुरुस्ती आणि खेड्यातल्या आजीच्या उशाशी पोचलेली गोळी यांत अंतर असतं, आणि ते कुणीतरी मोटरसायकलवरून कापावं लागतं. पेट्रोलला पैसे लागतात. नर्सच्या पगाराला लागतात. आपल्यातल्या कितीजणांचे आईवडील तिकडे एकटे आहेत, ते इथे सांगायला नको.

पुढच्या महिन्यात एका रविवारी आम्ही फ्रीअरला जाणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या टेबलाशी नाव द्या. पट्ट त्या दिवशी मांडलेला आहे की नाही ते आधी फोन करून विचारू, दालनं कधी कधी बदलतात. सकाळी दहाला मेट्रोच्या स्मिथसोनियन स्टेशनच्या वर भेटायचं. म्युझियमला प्रवेश फुकट आहे. तिकिटाचे म्हणून जे काही वाचतील ते दाराजवळच्या पेटीत आजच टाकले तरी चालेल. चेकवर मंडळाचं पूर्ण नाव लिहा. आणि आता वडे गार व्हायच्या आत आम्ही थांबतो.